घरगुती सीएनसी: पाटीवरची अक्षरं एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक, आणि एक्स अक्ष सरकतो

कोपरी_पूर्व
मशीन ३०१८ प्रकारातलं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं छोटं कोरकामाचं सीएनसी. जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चा बोर्ड, अक्षांच्या स्टेपर मोटारींना करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर, बिट फिरवणाऱ्या स्पिंडलला ७७५ मोटार, बिट धरायला ईआर११ कोलेट, २४ व्होल्टचा सप्लाय. ठाणे पूर्वेला फ्लॅटमध्येच, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत ठेवलेलं आहे. काम दारावरच्या पाट्यांचं आणि देव्हाऱ्याच्या पट्ट्यांचं. सध्याची पाटी सागवानाची, २८० × १६० मिमी, जाडी १८. बिट ६० अंशांचा व्ही, दांडा ३.१७५ मिमी. जास्तीत जास्त खोली २.५ मिमी, फीड (सरकण्याचा वेग) ८०० मिमी प्रति मिनिट, खाली उतरताना २००.

तक्रारी तीन आहेत. डावीकडची अक्षरं नीट येतात, उजवीकडे जाताना बारीक होत जातात. दुसरं, शेवटच्या पासला (कोरण्याच्या फेरीला) सगळं काम एक्समध्ये साधारण ०.४ मिमी उजवीकडे सरकलेलं असतं. तिसरं, मधेच यूएसबी तुटतं. पडद्यावर पोर्ट बंद झाल्याचं येतं, मशीन थांबतं, पण स्पिंडलची मोटार फिरतच राहते आणि बिट एका जागी लाकूड जाळतो.

आधी कशाला हात लावायचा? आणि पावसाळ्यात मशीनची निगा कशी राखायची, तेही सांगा.

सुतारपक्षी
तिन्ही दुखणी वेगळी आहेत. एकाच कारणाच्या मागे लागू नका आणि तिन्हींवर एकदम इलाजही करू नका. एक दुरुस्ती, एक चाचणी, मग पुढची.

एक्ससाठी पहिली चाचणी फुकट आहे. एक्सच्या स्टेपर मोटारचा दांडा, लेड स्क्रू (अक्ष सरकवणारा आट्यांचा दांडा) आणि या दोघांना जोडणारा कपलर या तिघांवरून जाणारी एक सरळ रेघ बारीक मार्करने काढा. नेहमीचं काम चालवा. संपल्यावर रेघ मोडलेली दिसली, तर कपलर घसरतोय. रेघ अखंड आहे आणि तरी काम सरकलंय, तर मोटार स्टेप गाळतेय, म्हणजे पावलं चुकतेय. त्याशिवाय तिसरं काही असेल तर ते बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई), पण बॅकलॅश साठत जात नाही. जाताना जेवढा मागे राहतो तेवढाच येताना राहतो. तुमचं काम शेवटी सरकलेलं दिसतंय, म्हणजे साठतंय.

वागळे_वर्कशॉप
मोटार स्टेप गाळत असणार. ए४९८८ च्या पोटेन्शिओमीटरवर व्होल्टेज मोजा. ड्रायव्हरवरचे बारके रेझिस्टर ०.१ ओहमचे असतील (त्यावर आर१०० लिहिलेलं असतं), तर व्हीरेफ, म्हणजे तिथलं व्होल्टेज, करंट गुणिले ०.८. एक अँपिअर हवा असेल तर ०.८ व्होल्ट. आर०५० असेल तर त्याच्या निम्मा, ०.४. मोजताना मल्टीमीटरची काळी पिन बोर्डच्या ग्राउंडला आणि लाल पिन पोटेन्शिओमीटरच्या धातूला. फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर सिरॅमिकचा किंवा प्लास्टिकचा घ्या. आणि सप्लाय चालू असताना स्टेपर मोटारची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर त्याच क्षणी जातो.

सुतारपक्षी
@वागळे_वर्कशॉप, सूत्र बरोबर आहे, पण क्रम चुकतोय. करंट वाढवला की मोटार तापते, ड्रायव्हर तापतो, आणि ए४९८८ फार तापला की स्वतःला बंद करून घेतो. तेव्हाही स्टेप गळतात. म्हणजे कपलर ढिला असताना करंट वाढवला तर एका दुखण्याची दोन होतील. आधी रेघ.

आणखी एक खूण आहे. ३०१८ ला बहुतेक वेळा ४ मिमी लीडचा स्क्रू असतो, मोटार २०० स्टेपची, म्हणजे एक पूर्ण स्टेप ०.०२ मिमी. स्टेपर मोटार ताल चुकली की चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते, म्हणजे ०.०८, ०.१६, ०.२४ असं. इथे सरक ०.४ आहे आणि ती या पाढ्यात बसते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निवाडा होत नाही. म्हणूनच रेघेचा आग्रह.

नेरुळ_सेक्टर
पहिल्या तक्रारीबद्दल: स्पिंडल वाकडा असेल. ट्रॅमिंग करून घ्या, म्हणजे तो बेडला काटकोनात आणा. कोलेटमध्ये वाकवलेली तार धरून ती हाताने गोल फिरवायची आणि चारही बाजूंना खालच्या बोर्डापासूनचं अंतर कागदाने बघायचं.

ऐरोलीची_रेषा
ट्रॅमिंग करावंच, पण या तक्रारीचं ते कारण नाही. स्पिंडल कलला असेल तर सपाट बिटने साफ केलेल्या पृष्ठभागावर पायऱ्यापायऱ्या दिसतात, बोट फिरवलं की कळतात. २८० मिमीच्या अंतरात व्ही बिटची खोली हळूहळू बदलत असेल, तर पाटीचा वरचा पृष्ठभाग एक्सच्या प्रवासाला समांतर नाही. बेड तिरका आहे, किंवा फळी कमीजास्त जाडीची आहे, किंवा फळी वाकली आहे.

६० अंशांच्या बिटने कापलेली रुंदी खोलीच्या १.१५५ पट असते. ९० अंशांच्या बिटला बरोबर दुप्पट, ३० अंशांच्या बिटला ०.५४ पट. म्हणून ९० अंशांचा बिट उंचसखलपणा सगळ्यात जास्त दाखवतो: पृष्ठभाग ०.२ मिमी खाली गेला तर रेघ ०.४ ने बारीक. तुमच्या पाटीवर पूर्ण खोलीला जाणारी एक जाड रेघ डाव्या टोकाला आणि तशीच एक उजव्या टोकाला व्हर्नियरने मोजा. फरकाला १.१५५ ने भागा. उंचीतला फरक किती तो तिथेच कळेल.

कोपरी_पूर्व
मोजलं. डावीकडे २.९, उजवीकडे २.३. झेड (उंचीचा अक्ष) शून्य डाव्या कोपऱ्यावर घेतलेलं होतं. कपलरवर मार्करची रेघही काढली, उद्या काम चालवून सांगतो.

ऐरोलीची_रेषा
०.६ भागिले १.१५५ म्हणजे ०.५२. उजवं टोक अर्धा मिलीमीटर खाली आहे. डावीकडची २.९ ही रुंदी २.५ मिमी खोलीशी बरोबर जुळते, म्हणजे झेड अक्ष इमानदारीने काम करतोय, त्याला हात लावायचा नाही.

सगळ्यात भरवशाचा उपाय हा. फळी पक्की आवळल्यावर कोरण्याआधी तिचा वरचा पृष्ठभाग मशीननेच साफ करायचा. बेड तिरका असो की फळी, वरचा भाग एक्स-वायला आपोआप समांतर होतो. २२ मिमीचा सरफेसिंग बिट ७७५ मोटारला जड जातो. त्याऐवजी ६ मिमीचा सपाट बिट घ्या, दोन ओळींमध्ये २.५ मिमी अंतर, एका पासला ०.२ मिमी, फीड ८००. अर्ध्या मिलीमीटरचा फरक आहे तर तीन पास लागतील. नंतर फळी न हलवता बिट बदला आणि फक्त झेड पुन्हा शून्य करा.

पृष्ठभागाला आधीच पॉलिश असेल आणि तो साफ करता येत नसेल, तर कँडलमध्ये (जीआरबीएलला आज्ञा पाठवणारा संगणकावरचा प्रोग्राम) हाइट मॅप, म्हणजे उंचीचा नकाशा, आहे. त्यासाठी विजेचा संपर्क लागतो, लाकडावर तो होत नाही. पातळ ॲल्युमिनियमची पट्टी प्रत्येक बिंदूवर सरकवत न्यावी लागते, किंवा वर फॉइल चिकटवावी लागते. पाटीसाठी सहा-आठ बिंदू पुरतात. फॉइलखाली हवा राहिली तर ती खोटं माप देते.

शिसवी
पण तो अर्धा मिलीमीटर आला कुठून, हेही बघायला हवं. खाडीला लागून असलेल्या इमारतीत, जुलैत, गॅलरीजवळच्या खोलीत हवेतली आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांवर असते. तेवढ्या हवेत लाकूड स्थिरावतं तेव्हा त्यात १७ ते २० टक्के ओल असते. एसीच्या खोलीत, ६० टक्क्यांच्या आसपास, तेच लाकूड १०-११ टक्क्यांवर येतं. सागवान इतर लाकडांच्या मानाने शांत आहे, तरीसुद्धा एवढ्या फरकाला ३०० मिमी रुंदीची आडव्या वेटोळ्यांची फळी चार मिमीपर्यंत फुगू-आकसू शकते. एका बाजूनेच ओल आली-गेली की ती पन्हाळीसारखी वाकते.

फळी आणल्या आणल्या मशीनवर चढवू नका. आठवडाभर त्याच खोलीत, खाली-वर पट्ट्या देऊन, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी ठेवा. भिंतीला टेकवून अजिबात नको, एक अंग कोंडलेलं राहतं. पिनांचा मॉइश्चर मीटर असेल तर टोकाला मोजू नका, मधे मोजा, टोकं लवकर वाळतात. आणि फळीचा वरचा थर कापून काढलात तर खालच्या बाजूनेही जवळपास तेवढाच काढा, नाहीतर आतला ताण एकतर्फी सुटून ती पुन्हा वाकेल.

कोरून झाल्यावर पुढच्या बाजूला दोन हात पॉलिश आणि मागची बाजू कोरडी, असं ठेवलं तर पाटी दारावर वाकते. मागूनही तेवढेच हात हवेत.

तारयंत्र
यूएसबीबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

७७५ ही ब्रशची मोटार. ब्रशवर ठिणग्या पडतात आणि त्यांचा विद्युत गोंगाट वायरींतून यूएसबीत शिरतो. मोटारवर भार आला की गोंगाट वाढतो, म्हणून कठीण सागवानात तुटण्याची शक्यता जास्त, मऊ लाकडात कमी. उपाय सोपे आहेत, याच क्रमाने करा.

स्पिंडलच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, यूएसबीच्या वायरपासून हातभर लांब. यूएसबी वायर जाड आवरणाची, शक्य तितकी आखूड, दीड मीटरच्या आत, दोन्ही टोकांना फेराइटची चिमटी. मोटारच्या दोन टर्मिनलांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटारच्या धातूच्या अंगाला तसाच एकेक. अंगाला डाग लावण्याआधी तिथला रंग कानशीने खरवडा, नाहीतर डाग धरत नाही.

मग विंडोजमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, पॉवरच्या सेटिंगमध्ये मिळेल. लॅपटॉप चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्याने तुटणं थांबलं तर दोष अर्थिंगचा आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टीमीटरने दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. जास्त दिसत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, ते काम स्वतः करू नका.

बिट जळण्याबद्दल: जीआरबीएलचा बोर्ड संगणकाशी संबंध तुटला तरी शेवटची आज्ञा धरून ठेवतो. स्पिंडल चालू होता, तर चालूच. म्हणून स्पिंडल मोटारच्या वायरीत हाताशी येईल असा मोठा लाल बटणाचा स्विच बसवा. कमी खर्चात सगळ्यात मोलाची सुधारणा हीच. एसडी कार्डाचा ऑफलाइन कंट्रोलर असेल तर यूएसबी कामातून बादच होतं, तोही मार्ग चांगला.

वागळे_वर्कशॉप
@तारयंत्र, लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे) बसवलेले असतील तर त्यांनाही हाच त्रास होतो. अचानक अलार्म १ येतो, जवळपास स्विच दाबलेला नसतानाही. स्विच नॉर्मली क्लोज्ड जोडा, सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरड टाका आणि वायर शील्डची घ्या. शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करायची.

कोपरी_पूर्व
काम चालवून झालं. रेघ मोडली. मोटारचा दांडा आणि कपलर यांच्यातली रेघ तुटली, कपलर आणि लेड स्क्रू यांच्यातली जागेवर आहे.

सुतारपक्षी
मग निदान झालं. आता ते पक्कं करायचं.

कपलरला मोटारच्या बाजूला दोन ग्रब स्क्रू (डोकं नसलेले बारके स्क्रू) असतात. दोन्ही काढा. मोटारच्या दांड्याला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू तिच्यावर नेमका काटकोनात आला पाहिजे. दांडा गोल असेल तर बारीक कानशीने सपाट जागा करता येते, पण मोटार उलटी धरून, म्हणजे लोखंडाचा कीस बेअरिंगमध्ये जाणार नाही. दांडा आणि कपलरचं भोक स्पिरिटने पुसा, कारखान्यातलं तेल तिथे असतं आणि घसरण्याचं मूळ बहुतेक वेळा तेच. स्क्रूच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब. लाल नको, तो तापवल्याशिवाय निघत नाही. आधी सपाट बाजूचा स्क्रू, मग दुसरा. एलन कीचं टोक झिजून गोल झालं असेल तर नवी घ्या, नाहीतर स्क्रूचं तोंड घासतं आणि तो पुन्हा कधी निघत नाही.

आणि दांडा व लेड स्क्रू कपलरच्या आत एकमेकांना टेकू देऊ नका, मधे एक-दोन मिमी फट ठेवा. स्प्रिंगसारख्या कापाच्या कपलरमध्ये दोन्ही टोकं भिडली तर तो लवचीक राहत नाही.

थ्रेडलॉक २४ तास वाळू द्या. मग रेघ नव्याने काढा आणि ती कायम राहू द्या. पुढे काहीही सरकलं की पहिली नजर तिथे.

महापे_मेकर
मी म्हणतो, हे सगळं झाल्यावर कॅलिब्रेशनही करून घ्या. १०० मिमी सरकवा, मोजा, ९९.२ आलं तर ८०० गुणिले १०० भागिले ९९.२, म्हणजे ८०६.४५ हा आकडा $१०० मध्ये (एक्सच्या एका मिमीला किती स्टेप, हे जीआरबीएलचं सेटिंग) भरा.

सुतारपक्षी
नको. हे पट्ट्याच्या मशीनला ठीक आहे, लेड स्क्रूला नाही. २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप, ४ मिमी लीड: ३२०० भागिले ४, म्हणजे ८००. हा हिशोब आट्यांचा आहे, स्क्रू एवढा चुकीचा नसतो. १०० ला ०.८ मिमी कमी आलं तर ते नटमधल्या ढिलाईचं किंवा मोजण्याचं माप आहे. ८०६ भरलंत तर १०० मिमीला बरोबर येईल, २० मिमीला चूक आणि २८० मिमीला वेगळीच चूक.

मोजायचंच तर असं मोजा: आधी ५ मिमी त्याच दिशेला जा, म्हणजे ढिलाई निघून जाते, तिथे डायल शून्य करा आणि मग पुढे जा. फरक उरला नाही तर तो बॅकलॅश होता. उरलाच, तर लीड ४ आहे की ८ हे एकदा बघा. ८ असेल तर आकडा ४०० हवा, पण मग चूक दुपटीची दिसेल, पाऊण टक्क्याची नाही.

महापे_मेकर
पटलं. मग बॅकलॅश कसा ओळखायचा आणि घालवायचा?

ऐरोलीची_रेषा
५० मिमीचं वर्तुळ कापा. बॅकलॅश असेल तर वर, खाली, डावी, उजवी या चार ठिकाणी चपटे भाग दिसतात, तिथे अक्षाची दिशा बदलते. चौकोन कापून गुण्या लावला आणि कोन ९० नसेल, तर तो बॅकलॅश नाही, चौकट तिरकी आहे.

पितळी नटांच्या जोडीत स्प्रिंग असते. ती सुरुवातीला साधारण अर्धी दबलेली हवी. पूर्ण दाबलीत तर घर्षण वाढून मोटार स्टेप गाळते, मोकळी ठेवलीत तर नट डुलतो. पितळ झिजतं, आणि स्क्रूखाली सोनेरी भुकटी दिसायला लागली की नट बदलायची वेळ झाली. प्लास्टिकचा नट जास्त शांत चालतो, पण बसवताना नवा नट स्क्रूवर टोकापासून टोकापर्यंत हाताने फिरवून बघा, कुठे घट्ट होतो का.

शिसवी
@कोपरी_पूर्व, लेड स्क्रूला काय लावता?

कोपरी_पूर्व
पांढरं लिथियम ग्रीस.

शिसवी
उघड्या लेड स्क्रूवर ते नकोच. लाकडाचा भुसा ग्रीसमध्ये मिसळला की घासणारी लगदी तयार होते. सागवानात सिलिका असते, म्हणून ती लगदी नट खाते. सगळं जुनं ग्रीस केरोसीनने आणि जुन्या टूथब्रशने काढा, सुती कापडाने कोरडं करा आणि सुक्या पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) स्प्रे मारा. तो वाळून पातळ थर राहतो, धूळ धरत नाही. आठ-दहा तासांच्या कामाला पुन्हा एक हात.

वागळे_वर्कशॉप
पण गोल सळ्यांवरच्या बेअरिंगना ग्रीसच लागतं. बेअरिंग काढून आत भरायचं, बाहेरून सळीला चोपडायचं नाही. पावसाळ्यात त्या सळ्यांवर गंजाचे तांबूस ठिपके येतात आणि बेअरिंगमधले छर्रे त्यावरून गेले की ठिपके खड्डे होतात. आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन सळी पुसा, नंतर कोरड्या कापडाने. ओलसर हात लागला असेल तर लगेच पुसा. घामात मीठ असतं, बोटांच्या ठशाच्या आकाराचा गंज येतो.

मशीन बंद असताना वर सुती कापड टाका. प्लास्टिकचं आवरण नको, आत दमटपणा कोंडतो. पेटीत ठेवत असाल तर पाव किलो सिलिका जेल आत ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा.

तारयंत्र
बोर्डाच्या बाबतीत: दमट दिवसांत कामाआधी दहा मिनिटं सप्लाय नुसता चालू ठेवा. ड्रायव्हरवरचा छोटा पंखा भुश्याने बसलेला असेल तर बोर्ड तापतो. पंखा फुंकणीने साफ करताना त्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

७७५ बद्दलही एक सांगतो. ती मोटार झिजणारी वस्तू आहे. ब्रश संपले की बहुतेक मोटारींत ते बदलता येत नाहीत, अख्खी मोटार बदलावी लागते. अंधारात मागच्या जाळीतून बघा: निळसर बारीक ठिणगी ठीक, मोठी पिवळी आणि कडाकड आवाज येत असेल तर दिवस भरत आले. एक मोटार कपाटात ठेवा. सुटे बेअरिंग-कपलर नागदेवी स्ट्रीटला मिळतात, इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला.

नेरुळ_सेक्टर
७७५ काढून ७१० वॉटचा ट्रिम राउटर लावला तर?

वागळे_वर्कशॉप
३०१८ च्या झेडला तो पेलत नाही. वजन दीड किलोच्या पुढे जातं, झेड मोटार बंद झाली की स्पिंडल आपोआप खाली घसरतो. आडव्या सळ्या मधे झुकतात ते वेगळंच. ५०० वॉटचा डीसी स्पिंडल, ५२ मिमी व्यासाचा, हा मधला मार्ग. त्यालाही वेगळा सप्लाय आणि झेडचा जाड ॲल्युमिनियमचा क्लॅम्प हवा. त्यापुढे जायचं असेल तर मशीनच मोठं घ्या.

महापे_मेकर
मशीन बंद झाल्यावरून आठवलं. जीआरबीएलच्या $१ सेटिंगला २५५ टाका. मूळ आकडा २५ असतो, म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांत मोटारींचा जोर सुटतो. २५५ टाकला की जोर कायम राहतो, झेड खाली घसरत नाही आणि बिट बदलताना एक्स-वाय हाताने हलत नाहीत. मोटारी कोमट होतात, ते चालतं.

सुतारपक्षी
हे बरोबर सांगितलंत. त्याचबरोबर $११० (एक्सचा कमाल वेग) बघा. काही मशीनला तो २००० भरून येतो. २००० मिमी प्रति मिनिट, ८०० स्टेप, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ हजार पल्स. जीआरबीएलची आर्डुइनो ऊनो बोर्डावरची मर्यादा ३० हजारांच्या आसपास आहे. मोटारीच्या हिशोबाने ते मिनिटाला ५०० फेरे होतात, तिथे तिचा जोर बराच उतरलेला असतो. १००० ठेवा. प्रवेग $१२० मध्ये ३० ते ५०.

गणेशवाडीकर
धागा वाचून उत्साह आला. २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे, म्हणून आमच्याकडे मखर एमडीएफचं करायचं ठरतंय. ३ मिमीच्या एमडीएफची जाळी या मशीनवर निघेल का? कमान साधारण ९०० मिमी रुंद.

ऐरोलीची_रेषा
निघेल, पण तुकड्यांत. कामाची जागा ३०० × १८०, म्हणून नक्षीचे तुकडे २६० × १५० चे करा, प्रत्येकाला ६ मिमीची पाकळीदार खाच द्या आणि सांधा नक्षीच्या जाड पट्टीतून न्या, बारीक जाळीतून नाही. बिट २ मिमीचा दोन धारांचा, खालच्या दिशेने भुसा ढकलणारा डाउनकट. वरची कड स्वच्छ येते. एका पासला ०.८ मिमी, फीड ६००. शेवटच्या पासला ०.२ मिमी खालच्या फळीत जाऊ द्या. प्रत्येक सुट्या भोकातला तुकडा उडू नये म्हणून ०.६ मिमी जाडीचे दोन टॅब (न कापलेले छोटे पूल) ठेवा.

कोपऱ्यांत बिट थांबतो तिथे करपतं. ते दिसलं तर फीड वाढवा किंवा फेरे कमी करा, खोली कमी करून उपयोग नाही. घासणं वाढतं आणि अजून करपतं.

शिसवी
एमडीएफ आहे म्हणून एक गोष्ट गंभीरपणे सांगते. त्यातला चिकट पदार्थ बहुधा फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि भुकटी इतकी बारीक की ती तासभर हवेत राहते. लाकडाची धूळ कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे. रुमाल बांधून भागत नाही, एन९५ लावा. बिटच्या जवळ व्हॅक्यूमचं तोंड आणि मधे सायक्लोनची बादली (हवा फिरवून भुसा खाली पाडणारी), म्हणजे पिशवी लगेच भरत नाही. खोलीत लहान मूल किंवा दमेकरी असेल तर एमडीएफ घरात कापू नका.

हातमोजे घालून मशीनजवळ जाऊ नका. ओढणी, सैल बाही, मोकळे केस बांधलेले हवेत.

कोपरी_पूर्व
सोसायटीत आवाजाची तक्रार होऊ नये म्हणून काय करावं?

तारयंत्र
नियमात निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५. ही मर्यादा बाहेर मोजायची, पण खालच्या मजल्याला त्रास होतो तो बहुतेक कंपनाचा. मशीन टेबलावर थेट ठेवू नका. १० मिमी रबर, त्यावर सिमेंटची फरशी, पुन्हा रबर, त्यावर मशीन. टेबल भिंतीपासून चार बोटं दूर. प्लायची पेटी केलीत तर आवाज बराच घटतो, पण आत साधा फोम चिकटवू नका, तो पेट घेतो. पेटीत मशीन ठेवून बाहेर निघून जाणं तर नाहीच. अडकलेला बिट लाकूड घासून ठिणगी करतो आणि व्हॅक्यूम ती थेट भुश्याच्या बादलीत नेतं.

महापे_मेकर
आणि वीज गेली तर? आमच्याकडे पावसात जातेच.

सुतारपक्षी
होमिंग स्विच (मशीनला स्वतःचा मूळ कोपरा, म्हणजे होम, शोधून देणारे) असतील तर काम वाचतं. जी५४ चं शून्य (फळीवर घेतलेला शून्यबिंदू) बोर्डाच्या मेमरीत राहतं, वीज जाऊनही पुसलं जात नाही. फक्त ते मशीनच्या होमपासून मोजलेलं असतं, म्हणून आधी होमिंग, मग झेड वर, मग ज्या ओळीवर थांबलं त्याच्या पंधरावीस ओळी आधीपासून. सुरुवातीच्या मोडल ओळी (मिमी, निरपेक्ष अंतर, फीड, स्पिंडल चालू) हाताने वर घाला. जी९२ या तात्पुरत्या आज्ञेने शून्य घेतलं असेल तर ते गेलं, आणि स्विच नसतील तर काम सुरू करण्याआधी फळीच्या कोपऱ्यात टोकदार बिटने दोन बारीक भोकं पाडून ठेवायची, त्यावरून पुन्हा शून्य साधता येतं.

कोपरी_पूर्व
कपलर बसवला, थ्रेडलॉक वाळला. तीच पाटी, तोच कार्यक्रम दुसऱ्या सागवानी तुकड्यावर चालवला. रेघ अखंड, शेवटच्या पासला सरक शून्य, भिंगातून बघितलं तरी जुन्या कडेवर नवी कड बसलीय. पृष्ठभाग आधी तीन पासात साफ केला. डावीकडे २.८८, उजवीकडे २.८७.

यूएसबीसाठी पीळ, फेराइट आणि कपॅसिटर लावले, लाल बटण बसवलं. अख्ख्या कामात एकदाही तुटलं नाही.

आता एकच उरलं. खोल अक्षरांच्या तळाशी उजव्या भिंतीवर बारीक लाटा दिसतात, डावीवर नाहीत.

ऐरोलीची_रेषा
एकाच भिंतीवर असतील तर ते कोलेट किंवा कापण्याची दिशा. आधी कोलेट बघा. नट काढा, कोलेट तिरका करून नटमधून सोडवा, आतला भुसा पितळी ब्रशने काढा, स्पिंडलचा उतारही पुसा. परत बसवताना कोलेट आधी नटमध्ये टिच असा आवाज येईपर्यंत, मग नट स्पिंडलवर, मग बिट. नुसता कोलेट स्पिंडलमध्ये ठेवून वरून नट आवळला तर बिट तिरका धरला जातो. ३ मिमी दांड्याचा बिट ३.१७५ च्या कोलेटमध्ये धरू नका, आवळला जातो पण डुलतो. बिट तळाला टेकवून मग दोन मिमी वर ओढा.

डायल गेज असेल तर बिटच्या दांड्याला लावून स्पिंडल हाताने फिरवा. ०.०२ च्या आत असेल तर कोलेट ठीक. ०.०५ च्या वर असेल तर कोलेट बदला. बदलूनही तेवढंच राहिलं तर बिट नवा आणा, मोटारचा दांडा वाकला आहे का ते सगळ्यात शेवटी.

कोलेट निर्दोष निघाला तर शेवटचा पास वेगळा ठेवा: भिंतींवर ०.१ मिमी सोडून आधी सगळं कोरा, मग तेवढाच पास फीड ५०० ने, क्लाइंब दिशेने (बिटची धार सरकण्याच्या उलट दिशेने लाकूड कापते अशी). या हलक्या चौकटीला जड कापात क्लाइंब झेपत नाही, पण ०.१ ला झेपतं, आणि भिंत गुळगुळीत येते.

कोपरी_पूर्व
डायल ०.०६ दाखवतोय. कोलेट आणायला शनिवारी नागदेवीला जातो.

तारयंत्र
दोन आणा. नटही सोबत घ्या, आतली कडी झिजली की नवा कोलेटसुद्धा टिच करत नाही.